मालिकेच्या कल्पित पुराणकथेतील सहचर कसा घडवावा

नव्या, कल्पित जगाची मालिका लिहायला घेतली की लेखक आधी त्या जगाची उत्पत्तिकथा, देवदेवता, शाप-उःशाप आणि राजघराणी रचत बसतो. नायकाच्या सोबतीला असणारा प्राणी, पक्षी किंवा एखादी वस्तू मात्र शेवटी, पोशाखाचा रंग ठरवावा तशी ठरवली जाते. हा क्रम बदलावा असे मला मनापासून वाटते. प्रेक्षकाला वंशावळी लक्षात राहत नाहीत. त्या जगात काय पवित्र आहे, कशाची भीती आहे आणि काय गमावले की माणूस अर्धा उरतो, हे त्याला नायकासोबत कोण चालते आहे आणि नायक त्याच्याशी कसा वागतो, यावरून कळते. म्हणून सहचराची घडण पहिल्या आराखड्यातच सुरू करावी. ती करताना एक गोष्ट सतत डोळ्यांसमोर ठेवावी: सहचर आधी जिवंत व्हायला हवा, प्रतीक नंतर. ज्याला भूक लागत नाही, त्याच्यावर लादलेला अर्थ प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाही.

याचा सर्वांत जुना आणि आजही सर्वांत उपयोगी धडा महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात आहे. पाच पांडव आणि द्रौपदी राज्य सोडून निघतात, आणि त्यांच्यामागून एक कुत्रा चालू लागतो. म्हणजे निघालेले एकूण सात जण होतात. वाटेत आधी द्रौपदी कोसळते, मग सहदेव, नकुल, अर्जुन आणि शेवटी भीम. या सगळ्या वाटचालीत कुत्रा काहीही करत नाही. तो वाट दाखवत नाही, संकटाची सूचना देत नाही, बोलत नाही. तो फक्त मागून येत राहतो. अखेरीस इंद्र रथ घेऊन येतो आणि कुत्र्याला सोडल्याशिवाय स्वर्गात प्रवेश नाही असे सांगतो. युधिष्ठिर नकार देतो आणि त्यानंतरच कुत्र्याच्या जागी साक्षात धर्म प्रकट होतो.

पटकथेच्या दृष्टीने हा प्रसंग फार काळजीपूर्वक पाहावा. युधिष्ठिराला तो धर्म आहे हे आधी ठाऊक असते, तर त्याच्या नकाराला काहीच किंमत उरली नसती. त्याने देवाला धरून ठेवले नाही. सोबत चालत आलेल्या एका साध्या कुत्र्याला सोडले नाही. यातून सहचर घडवण्याचा पहिला नियम निघतो, तो असा की नायकाने सहचराशी जे काही बरेवाईट वागायचे ते त्याचा अर्थ न कळता वागायला हवे. आपल्या जगातील एखाद्या ऋषीने, आजीने किंवा ग्रंथपालाने पहिल्याच भागात ‘हा पक्षी म्हणजे तुझ्या कुळाची स्मृती आहे’ असे सांगून टाकले, तर पुढच्या प्रत्येक प्रसंगात नायक पक्ष्याला नव्हे, त्या अर्थाला सांभाळत राहतो आणि प्रेक्षकही तेवढ्यापुरताच त्यात गुंततो.

उणिवेपासून सुरुवात करावी

कोणता प्राणी घ्यावा, हा प्रश्न शेवटचा आहे. पहिला प्रश्न असा की नायकाच्या आत काय नाही, किंवा असूनही त्याला स्वतःजवळ ठेवता येत नाही. सहचर म्हणजे नायकाच्या देहाबाहेर राहणारा त्याचाच एक भाग, आणि तो बाहेर असल्यामुळेच हरवू शकतो. नॉर्स म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन पुराणकथेतील ओडिन या देवाजवळ ह्युगिन आणि मुनिन नावाचे दोन कावळे आहेत. त्यांच्या नावांचा अर्थ अनुक्रमे विचार आणि स्मृती असा होतो. ते रोज जगभर उडून परत येतात. एवढ्यावर ही जोडी नुसती अलंकारिक राहिली असती. पण जुन्या काव्यात ओडिनच्या तोंडी एक भीती आहे. ह्युगिन परतणार नाही अशी धास्ती त्याला वाटते, आणि मुनिनची धास्ती त्याहून अधिक वाटते. सर्वज्ञ म्हणवणारा देव रोज संध्याकाळी आपली स्मृती घरी येते की नाही याची वाट पाहतो, या एका तपशिलाने ते कावळे जिवंत होतात. आपल्या सहचराबाबत हाच प्रश्न लिहून काढावा: तो एका संध्याकाळी परतला नाही, तर नायकाचे नेमके काय जाईल? उत्तर ‘त्याला वाईट वाटेल’ एवढेच येत असेल, तर उणीव अजून सापडलेली नाही.

‘हिज डार्क मटेरियल्स’ या २०१९ ते २०२२ दरम्यान तीन पर्वांत आलेल्या मालिकेत ही कल्पना उघडपणे मांडलेली आहे. तिथे माणसाचा आत्माच प्राण्याच्या रूपाने त्याच्या बाहेर राहतो. मूल लहान असेपर्यंत हा प्राणी हवे ते रूप घेतो. माणूस मोठा झाला की त्याचे रूप कायमचे ठरते. वयात येणे म्हणजे काय, याचे एवढे नेमके आणि डोळ्यांना दिसणारे रूपक क्वचित सापडते. मला त्यात विशेष महत्त्व वाटते ते मात्र नियमांचे. माणूस आणि त्याचा प्राणी एकमेकांपासून ठरावीक अंतरापलीकडे जाऊ लागले की दोघांनाही असह्य वेदना होतात. दुसऱ्याच्या प्राण्याला हात लावणे हा घोर मर्यादाभंग मानला जातो. आणि माणूस मेला की प्राणीही नाहीसा होतो. हे तीन नियम कळले की त्या जगात कोणत्याही दोन पात्रांना एका खोलीत बसवावे, ताण आपोआप तयार होतो.

उत्पत्तिकथा थोडक्यात ठेवावी

सहचराची पुराणकथा दोन-तीन वाक्यांत सांगता आली पाहिजे आणि तिच्यात एखादी घटना असली पाहिजे, केवळ गुणवर्णन नको. ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ या २००५ ते २००८ मधील ६१ भागांच्या मालिकेत हे उत्तम साधले आहे. त्या जगात वायुविद्या माणसांना उडणाऱ्या गव्यांकडून मिळाली, भूविद्या आंधळ्या, बीळ खोदणाऱ्या प्राण्यांकडून, अग्निविद्या ड्रॅगनांकडून आणि जलविद्या चंद्राकडून. ही कथा कळली की नायक आंग ज्याच्या पाठीवर बसून फिरतो तो अप्पा नुसते वाहन उरत नाही, तर गुरूच्या कुळातला ठरतो. शिवाय आंग शंभर वर्षे बर्फात गोठला तेव्हा अप्पाही त्याच्यासोबत गोठला. आंगची सगळी जमात नष्ट झाली आहे, आणि अप्पासारखा दुसरा जिवंत गवाही कथेच्या वर्तमानात कुठे दिसत नाही. दोघांचे दुःख एकच असून त्यातला एकच बोलू शकतो.

इथे एक सूचना करावीशी वाटते. प्रत्येक अवताराला, म्हणजे चारही विद्या साधणाऱ्या आणि पुनःपुन्हा जन्म घेणाऱ्या व्यक्तीला, एक मार्गदर्शक प्राणी असतो, ही त्या जगाची परंपरा आहे. आंगच्या आधीच्या रोकूजवळ ड्रॅगन होता, पुढच्या मालिकेतील कोराजवळ ध्रुवीय अस्वल आणि कुत्रा यांचे मिश्रण असलेली नागा आहे. परंपरा असली की एका सहचराची दुसऱ्याशी तुलना होते आणि नव्या नायकाचा स्वभाव तेवढ्यानेच अर्धा सांगून होतो. आपल्या पुराणकथेत सहचर एकाच नायकाला मिळालेला चमत्कार आहे की पिढ्यानपिढ्या चालत आलेली रीत आहे, हे म्हणूनच पहिल्या दिवशी ठरवून घ्यावे. दोन्ही चालतात, पण मधेच बदलता येत नाही.

देह, भूक आणि सवयी

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. सहचर काय खातो, किती झोपतो, कोणत्या आवाजाने दचकतो, त्याच्या अंगाला कसला वास येतो आणि तो आजारी पडला की कसा दिसतो, हे सगळे लिहून काढावे. माझ्या एका जुन्या आराखड्यात पांढरे घुबड होते, जे नायिकेला कोड्यांतून सल्ला देत असे. वाचनाच्या वेळी एका सहकाऱ्याने शांतपणे विचारले, ‘हे घुबड खातं काय, आणि दिवसा कुठे असतं?’ मला सांगता आले नाही. त्या घुबडाजवळ भविष्य होते, शहाणपण होते. घरटे मात्र नव्हते. तो आराखडा मी पुन्हा लिहिला नाही, परंतु तो प्रश्न तेव्हापासून प्रत्येक सहचराच्या पानावर पहिल्या ओळीत लिहितो.

सवय प्रतीकाच्या किती कामी येते हे पाहायचे असेल तर अप्पाच्या केस गळण्याचा भाग आठवावा. ऋतू बदलल्यामुळे त्याचे केस गळू लागतात, हवेत पांढऱ्या झुबक्यांची रांग मागे राहते आणि त्याच मागाने शत्रू रात्रभर पाठलाग करतो. आंग आणि त्याचे सोबती झोपेविना चिडचिडे होतात, आपापसांत भांडतात, आणि ज्याने आजवर त्यांना वाचवले त्याच्यामुळेच ते आता पकडले जाणार, अशी वेळ येते. शेवटी आंग तेच केस गोळा करून शत्रूची दिशाभूल करायला वापरतो. या भागात कोणीही निष्ठा, ओझे, जबाबदारी असे शब्द उच्चारून व्याख्यान देत नाही. गळणारे केस ही जनावराची साधी गोष्ट आहे, आणि सोबतीची किंमत काय असते हा मोठा विषय तिच्यातूनच उभा राहतो.

सहचर प्राणीच असावा असेही नाही. १९९० मध्ये सुरू झालेल्या ‘ट्विन पीक्स’मध्ये एक बाई लाकडाचा ओंडका तान्ह्या मुलासारखा कवेत घेऊन वावरते. तिचा पती आगीत गेलेला आहे. तो ओंडका तिला काही सांगतो आणि ती ते इतरांना सांगते. गावातले लोक तिला चमत्कारिक समजतात, पण ज्या खुनाभोवती ही मालिका फिरते त्या खुनाच्या रात्री काय घडले याचा धागा तिच्याकडूनच मिळतो. निर्जीव वस्तू घ्यायची असेल तर भूक आणि झोप यांच्या जागी हाताळणी येते: ती कशी धरली जाते, कोणाच्या हाती दिली जात नाही, पावसात कशी झाकली जाते. अभिनेत्याला हे तपशील आधीच द्यावेत. चित्रीकरणाच्या दिवशी सुचवलेली लकब उसनी दिसते.

नियम लिहावेत, आणि ते मोडू नयेत

सहचर काय करू शकतो याची यादी लेखक हौसेने करतो. काय करू शकत नाही याची यादी त्याहून महत्त्वाची आहे. तो बोलतो का, किती अंतरापर्यंत जाऊ शकतो, जखमी झाला तर नायकाला काय होते, नायकाखेरीज कोणाचे ऐकतो, या चार प्रश्नांची स्पष्ट उत्तरे मालिकेच्या बायबलमध्ये, म्हणजे तिचे जग, पात्रे आणि नियम नोंदवलेल्या दस्तऐवजात, असावीत. कथा अडली की सहचराने ऐनवेळी येऊन नायकाला सोडवण्याचा मोह प्रत्येक लेखकवर्गाला होतो, आणि अनेक लेखक आळीपाळीने भाग लिहीत असतील तर तो फारच होतो. एका पर्वात असे एकदा झाले तर प्रेक्षक सुखावतो, तिसऱ्यांदा झाले की नायकाच्या जिवाची काळजी करणे सोडून देतो. मी स्वतः एका पर्वात एकच सुटका मान्य करतो, आणि तिची किंमत सहचराने देहाने चुकवावी असा आग्रह धरतो.

खर्चाचा विचार पहिल्याच दिवशी

‘गेम ऑफ थ्रोन्स’चा पहिला भाग १७ एप्रिल २०११ रोजी प्रसारित झाला. त्यात मेलेल्या अजस्र लांडगीजवळ सहा पिल्ले सापडतात. स्टार्क घराण्याचे चिन्ह लांडगा, मुले सहा, पिल्लेही सहा. त्यांतले पांढरे, वेगळे पडलेले पिल्लू अनौरस समजल्या जाणाऱ्या जॉनच्या वाट्याला येते. लांडगी मेली आहे ती हरणाच्या शिंगाने, आणि हरीण हे राजघराण्याचे चिन्ह आहे. पुढच्या सगळ्या अनर्थाचे बीज एका दृश्यात पेरले गेले आहे. दुसऱ्याच भागात स्टार्कांची मुलगी सान्सा हिचे लेडी नावाचे पिल्लू निरपराध असताना मारले जाते, आणि राजाच्या आज्ञेवरून ते मारतो खुद्द सान्साचा पिता. सहा पिल्लांपैकी पहिला बळी लेडीचा पडतो आणि प्रेक्षकाला या जगात न्याय नाही हे उमगते.

इतकी भक्कम पायाभरणी असूनही पुढे हे लांडगे दीर्घकाळ दिसेनासे होतात. मोठ्या झालेल्या लांडग्यांसाठी खऱ्या लांडग्यांचे स्वतंत्र चित्रीकरण करून त्यांचा आकार वाढवून ते दृश्यात बसवावे लागत. त्यामुळे माणसाने त्यांना जवळ घेण्याचे साधे दृश्यही कष्टाचे आणि महाग होते. आठव्या पर्वाच्या चौथ्या भागात जॉन घोस्टचा, म्हणजे मोठ्या झालेल्या त्याच पांढऱ्या पिल्लाचा, निरोप घेतो तो दुरूनच, त्याला स्पर्शही न करता, आणि असंख्य प्रेक्षक त्यावर नाराज झाले. मला ती नाराजी रास्त वाटते. पहिल्या भागात मुलांच्या हाती पिल्ले दिली होती. निरोपाच्या वेळी हात रिकामा राहिला तर तो कथेमुळे राहायला हवा होता, आणि प्रेक्षकाला तसे कारण सापडले नाही.

त्यामुळे सहचर पडद्यावर किती वेळा परवडेल हे निर्मात्याला विचारूनच त्याची पुराणकथा लिहावी. दहा भागांत चारच वेळा परवडणार असेल तर तो रात्रीच येतो, ऋतू बदलतानाच येतो, किंवा फक्त नायक एकटा असताना येतो, असा नियम कथेतच करावा. तो नसताना त्याची खूण दिसावी: उंबऱ्यावरचे ओरखडे, सरकवून ठेवलेले पाण्याचे भांडे, बाहीवर चिकटलेला केस. पैशांची मर्यादा कथेचा नियम म्हणून आली तर ती मर्यादा वाटत नाही.

वियोग

सहचराचे खरे मोल तो दूर गेल्यावर कळते, म्हणून पर्वाच्या मध्यावर एक वियोग असावा. अप्पाची चोरी दुसऱ्या पर्वाच्या दहाव्या भागात होते, आणि सोळाव्या भागात, म्हणजे बराच काळ त्याच्याविना गेल्यावर, एक संपूर्ण भाग त्याच्या नजरेतून सांगितला जातो. तोवर प्रेक्षकाने आंगचा राग पाहिलेला असतो. आता तो अप्पाची भीती, भूक आणि माणसाच्या हाताला दचकणे पाहतो. शक्य असल्यास असा एक भाग आपल्या मालिकेत ठेवावा. संवाद जवळपास नसल्यामुळे तो लिहायला अवघड असतो, पण सहचर नायकाशिवायही कोणीतरी आहे हे सिद्ध करायला दुसरा इतका चांगला मार्ग मला माहीत नाही.

एक उदाहरण, सुरुवातीपासून

आता हे सगळे एका नव्या कल्पनेवर लावून पाहू. दरवर्षी पात्र बदलणाऱ्या एका महानदीचे जग घ्या. नायिका नदीचे नकाशे काढते. तिचा धाकटा भाऊ पुरात वाहून गेला आहे आणि तेव्हापासून तिने त्याचे नाव उच्चारलेले नाही. तिची उणीव ही आहे: ती सगळ्या नदीची नोंद ठेवते, पण एक जागा नकाशात रिकामी सोडते.

सहचर म्हणून पाणमांजर घेऊ, कारण पाणमांजरे पुढच्या पायांत दगडगोटे घेऊन खेळवतात ही प्रत्यक्ष पाहण्यातली गोष्ट आहे. प्रतीक प्राण्याच्या खऱ्या सवयीतून उगवले की ते चिकटवलेले वाटत नाही. उत्पत्तिकथा अशी: पहिली नदी वाट चुकली तेव्हा एका पाणमांजराने तळातला एक दगड उचलून तिच्या पुढे ठेवला, आणि नदी त्या दगडामागून गेली. म्हणून नदीकाठचे लोक पाणमांजराने आणलेला दगड फेकत नाहीत. नाव ‘स्मृती’ वगैरे ठेवू नये. नायिका तिला ‘ठिकरी’ म्हणते, कारण तिच्या भावाबरोबर ती ठिकरीचा खेळ खेळत असे. हे कारण मात्र सहाव्या भागापर्यंत सांगायचे नाही.

नियम तीन. ठिकरी रोज पहाटे एक दगड आणते, पण एकाच जागेचा दोनदा आणत नाही. साचलेल्या पाण्यात उतरत नाही. मासा मिळाला नाही तर चावते, नायिकेलाही चावते. पहिल्या भागात आपण फक्त हे पाहतो की नायिका झोपेतून उठून उशाशी ठेवलेला ओला दगड उचलते, पुसते, वहीत आकडा लिहिते आणि रात्रीचा उरलेला मासा ठिकरीपुढे टाकते. ठिकरी मासा डोक्याकडून खाते आणि ओल्या अंगानेच नकाशावर लोळते, शाई पसरते, नायिका चिडते. कोणी काही समजावून सांगत नाही.

चौथ्या भागात पहिल्यांदाच दगड येत नाही. ठिकरी आलेली असते, पण रिकाम्या हातांनी, आणि दिलेल्या माशाला तोंड लावत नाही. नायिका दिवसभर काम करते, तीनदा वही उघडते, मिटते. सातव्या भागात ठिकरी नाहीशी होते, आणि आठवा भाग पूर्ण तिच्या मागावर, पाण्याखालून, संवादाशिवाय चालतो. आपण पाहतो की नदीने पात्र सोडल्यामुळे जुन्या वळणावरचे पाणी साचले आहे. जिथे ती उतरत नाही तेच हे पाणी. ती काठाशी येते, मागे फिरते, पुन्हा येते. त्या भागाच्या शेवटच्या दृश्यात ती साचलेल्या पाण्यात उडी घेते. साचलेल्या पाण्याचा हा नियम एकदाच मोडला जातो, आणि तो सहचराने स्वतः मोडलेला असतो.

असा आराखडा झाला की दोन परीक्षा घ्याव्यात. प्रत्येक प्रसंगातून ठिकरीला काढून टाकावे आणि प्रसंग तसाच उभा राहतो का ते पाहावे. राहत असेल तर त्या प्रसंगात ती नुसती सजावट आहे, तिथून तिला खरोखरच काढावे. मग तिच्या अर्थाविषयी बोलणारे सगळे संवाद पुसून संहिता अशा माणसाला वाचायला द्यावी, ज्याने बायबल वाचलेले नाही. त्याने अर्थ आपल्या शब्दांत, थोडा वेगळाही, सांगितला तरी चालेल. त्याला काहीच जाणवले नाही तर संवाद परत घालू नयेत. देहाच्या आणि सवयींच्या पानाकडे परत जावे.

शेवटासाठी तीन वाटा असतात: सहचर मरतो, निघून जातो, किंवा त्याचे खरे रूप उघड होते. मरण सर्वांत सोपे आणि सर्वांत लवकर जुने होणारे. रूप उघड करायचे तर युधिष्ठिराच्या कथेप्रमाणे नायकाची परीक्षा आधी पूर्ण झालेली असावी. निघून जाण्याचे एक सुंदर उदाहरण ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधील सान्साची बहीण आर्या आणि तिची लांडगी नायमेरिया यांचे आहे: सातव्या पर्वात वर्षांनंतर दोघी समोरासमोर येतात, आर्या तिला सोबत चल म्हणते, लांडगी पाठ फिरवते, आणि आपण स्वतःही कधीकाळी अशीच ठरलेली वाट नाकारली होती हे आर्याच्या ध्यानात येते. ठिकरीसाठी मी हीच वाट निवडेन. शेवटच्या भागात पहाटे उशाशी एक दगड असतो, त्याला साचलेल्या पाण्याचे शेवाळ असते, आणि ठिकरी कुठेच नसते. नायिका दगड पुसत नाही. ती वही बाजूला ठेवते, मोठा नकाशा उलगडते, रिकाम्या जागेवर दगड ठेवते आणि त्याच्या कडेने पेन्सिल फिरवून, पहिल्यांदाच मोठ्याने, भावाचे नाव घेते.